कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झालीय? आधी पान उलटं करून वाचा

माझं मेडिकल आहे, साताऱ्याकडे, काउंटरमागे उभं राहून २२ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, डी. फार्म आहे, त्यामुळे कुणाला कुठली गोळी लागेल हे मी सांगणार नाही आणि तुम्हीही हे वाचून ठरवू नका. पण डॉक्टरांच्या केबिनमध्ये जे विचारायचं राहून जातं ते सगळं माझ्याकडे येतं, सुट्टे पैसे मोजता मोजता. "आयुष्यभर घ्यायची का हो ही?" "रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद ना?" "शेजारच्या काकूंना गुलाबी दिलीय, मला पांढरी का?" आणि निम्म्या लोकांना तर आपण गेली चार वर्षं नक्की काय गिळतोय हेच माहीत नसतं, "ती छोटी, हार्टची" एवढंच. म्हणून ज्यांची गोळी नुकतीच सुरू झालीय, किंवा घरात आई-बाबांची झालीय, त्यांच्यासाठी क्रमाने लिहितोय.

पायरी १: रिपोर्टमधला कुठला आकडा बघायचा

लिपिड प्रोफाइल हातात आलं की सगळे पहिली ओळ बघतात, टोटल कोलेस्टेरॉल. ती सोडा. गोळी ज्याच्यासाठी दिलीय तो आकडा म्हणजे एलडीएल. एलडीएल हे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ते जास्त झाले की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात शिरून बसतात आणि वर्षानुवर्षं तिथे थर वाढत जातो. एचडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल परत लिव्हरकडे नेणारे कण, ते जास्त असलेलं बरं मानतात, पण "माझं एचडीएल मस्त आहे, मला काही होत नाही" असं समजून बसू नका.

एक गंमत सांगतो, बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजतच नाहीत, हिशेब करून काढतात. टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा (ही रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) पाचवा भाग वजा करायचा. समजा टोटल २४८, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १८०. मग २४८ वजा ४२ वजा ३६, एलडीएल आलं १७०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब बसत नाही, तेव्हा थेट मोजायला सांगावं लागतं. हा १७० चा माणूस लक्षात ठेवा, पुढे लागेल. आपण त्यांना अण्णा म्हणू.

आता १७० जास्त की कमी? इथेच गफलत होते, कारण रिपोर्टच्या कडेला छापलेली नॉर्मल रेंज सगळ्यांना सारखी लागू नसते. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये आपल्याकडच्या लोकांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात साधारण असं आहे की धोका कमी असलेल्या माणसाचं एलडीएल १०० च्या खाली असावं, डायबेटिस किंवा बीपी असलेल्यांचं ७० च्या खाली, आणि ज्याला अटॅक येऊन गेलाय, ॲंजिओप्लास्टी झालीय, त्याचं ५५ च्या खाली. म्हणजे अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या रिपोर्टवर ९५ आलं आणि लॅबने त्याच्यापुढे नॉर्मल छापलं तरी त्याच्यासाठी ते नॉर्मल नाही. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा की "माझं टार्गेट किती?" आणि तो आकडा फाइलवर पेनाने लिहून ठेवा.

उपाशीपोटीच जायचं का? त्याच तत्त्वांत पहिली तपासणी काही खाऊन केली तरी चालते असं म्हटलंय, ट्रायग्लिसराइड फार आलं तर मग उपाशीपोटी परत करतात. आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तेवढं विचारून घ्या, कारण थायरॉइड कमी पडला की एलडीएल वाढतं, मग मूळ दुखणं एकीकडे आणि गोळी भलतीकडे असं होतं.

पायरी २: गोळीचं पान उलटं करा

पुढच्या बाजूला कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, ते विसरा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. ज्याच्या शेवटी "स्टॅटिन" येतं ते तुमचं. आपल्याकडे ९० टक्के वेळा ते एकतर ॲटोर्व्हास्टॅटिन असतं नाहीतर रोझुव्हास्टॅटिन (हा माझ्या काउंटरचा अंदाज हां, कुठला सर्व्हे नाही). ॲटोर्वा, स्टोर्वास, लिपिक्युअर ही सगळी ॲटोर्व्हास्टॅटिनची ब्रँड नावं. रोझुवास, रोझावेल ही रोझुव्हास्टॅटिनची. म्हणजे काकूंची गुलाबी आणि तुमची पांढरी, आतून एकच असू शकतं. जनऔषधी केंद्रातही ही औषधं मिळतात, नाव न बघता फक्त रंगावरून "ही ती नाही" म्हणून परत करू नका.

आता महत्त्वाचं, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. आपल्याकडे जोडगोळ्या फार चालतात. इकोस्प्रिन एव्ही हे नाव घराघरात आहे, लोक त्याला "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतात. पण त्यातलं एव्ही म्हणजे ॲटोर्व्हास्टॅटिन, ॲस्पिरिनसोबत तीही आतच आहे. नावापुढे गोल्ड असलं तर बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (हीही रक्त पातळ करायचीच) आणि एक स्टॅटिन. नावापुढे एफ असलं तर बऱ्याचदा सोबत फेनोफायब्रेट असतं, ते ट्रायग्लिसराइडसाठी.

यातून काय होतं, तर माझ्याकडे एक आजी यायच्या, त्यांना एका डॉक्टरांनी ॲस्पिरिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिनची एकत्र कॅप्सूल दिलेली, पुढे शुगरसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या तर त्यांनी रोझुव्हास्टॅटिन लिहून दिलं, आजींनी जुनी चिठ्ठी दाखवलीच नव्हती. सात-आठ महिने दोन-दोन स्टॅटिन चालू! मांड्या भरून येतात म्हणून बाम न्यायला आल्या तेव्हा मी सहज सगळी पानं मागितली आणि कळलं. दुसरी उलटी गोष्ट पण होते: दाताचं किंवा कसलं ऑपरेशन असतं, "रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद" असं सांगतात, माणूस जोडगोळी बंद करतो, त्याबरोबर स्टॅटिनही बंद, आणि नंतर चालू करायचं राहूनच जातं. ऑपरेशनसाठी स्टॅटिन सहसा थांबवत नाहीत. अशा वेळी डॉक्टरांना विचारा, तेवढ्या दिवसांपुरती नुसती स्टॅटिन वेगळी द्याल का?

म्हणून हे आजच करा, चालू असलेली सगळी पानं टेबलावर मांडा, मागची खरी नावं वहीत उतरवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की, दातवाला असो नाहीतर डोळ्यावाला, तो फोटो आधी दाखवा.

पायरी ३: पोटात गेल्यावर ती करते काय

लोकांना वाटतं गोळी रक्तातली चरबी विरघळवते, भांड्यावरचं तेलकट साबणाने निघतं तसं. तसं नाहीये. कोलेस्टेरॉल बहुतांश आपलं शरीर स्वतःच बनवतं, लिव्हरचा त्यात मोठा वाटा. तूप-अंडी बंद करूनही आकडा फारसा हलत नाही तो याच कारणाने. स्टॅटिन लिव्हरमधलं ते बनवण्याचं एक एन्झाइम अडवते. मग लिव्हरला कोलेस्टेरॉल कमी पडतं, ते आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे जास्तीचे हात उगवतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं. हे हात म्हणजे रिसेप्टर, ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं.

आणि पहिली स्टॅटिन सापडली कुठे, तर तांदळाच्या बुरशीत. जपानच्या अकिरा एन्डो यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरच्या निळसर हिरव्या बुरशीत हे द्रव्य मिळालं. त्यामुळे "मी केमिकल घेत नाही, नॅचरल रेड यीस्ट राइस घेतो" म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो की दादा, त्यात जे काम करतं ते मोनॅकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच आहे, फक्त डब्यात किती आहे ते तुम्हाला नक्की कळत नाही. स्टॅटिन चालू असताना ते वरून घेऊ नका.

उपयोग खरंच होतो का? १९९४ मध्ये स्कॅन्डिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास आला होता, निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना खोटी गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नाही. साधारण साडेपाच वर्षांत खोट्या गोळीवाल्यांत २५६ माणसं गेली, खऱ्या गोळीवाल्यांत १८२. त्यानंतर असे बरेच अभ्यास झाले, म्हणून तर डॉक्टर डायबेटिसवाल्या चाळिशीपुढच्या माणसाला एलडीएल फार नसतानाही ही गोळी देतात. ते आकड्यापेक्षा धोका बघतात.

पायरी ४: किती एमजी आणि कधी

ॲटोर्व्हास्टॅटिन १० ते २०, रोझुव्हास्टॅटिन ५ ते १० हा मध्यम डोस, एलडीएल साधारण ३० ते ५० टक्क्यांनी उतरतं. ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८०, रोझुव्हास्टॅटिन २० ते ४० हा जोरदार डोस, निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरतं. म्हणजे रोझुव्हास्टॅटिन १० आणि ॲटोर्व्हास्टॅटिन १० एकसारखे नाहीत, एमजी बघून "माझी तर हलकी आहे" म्हणू नका. आपल्या आशियाई लोकांत रोझुव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त चढतं, त्यामुळे परदेशातल्या भावाला ४० दिलीय आणि मला ५ च, डॉक्टर कंजुषी करतायत, असं काही नसतं.

दुसरा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे, डोस दुप्पट केला की फायदा दुप्पट होत नाही, फक्त ६ टक्के वाढतो, तेही सुरुवातीच्या आकड्याच्या हिशेबाने. आपल्या अण्णांचं एलडीएल १७०, रोझुव्हास्टॅटिन १० ने समजा ९४ वर आलं. २० केली तर जेमतेम ८४ च्या आसपास. त्यापेक्षा १० तशीच ठेवून दुसऱ्या जातीची एक गोळी जोडली तर ७५ वर येतात. डॉक्टर दुसरी गोळी लिहितात तेव्हा आजार वाढला असं समजून घाबरणारे खूप बघितलेत मी, तर तो हा असा साधा हिशेब असतो.

वेळ. "रात्रीच घ्यायची ना?" हा जुना नियम, सिम्व्हास्टॅटिनसारख्या लवकर ओसरणाऱ्या गोळ्यांचा. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन दिवसभर टिकतात, सकाळी घ्या नाहीतर रात्री, जेवणाआधी नाहीतर नंतर, फक्त रोज एकाच वेळी. ज्यांना रात्री टीव्हीसमोर झोप लागते त्यांनी सकाळच्या बीपीच्या गोळीबरोबर घ्यावी. विसरलात तर आठवल्यावर घ्या, पण दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम नकोत.

पायरी ५: दुसरा रिपोर्ट

सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांत परत लिपिड प्रोफाइल करायचं. ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात. गोळी सुरू, दोन वर्षं तीच चिठ्ठी, आकडा उतरला का कुणी बघितलंच नाही. लिव्हरसाठी एसजीपीटी सुरुवातीला एकदा करतात. पुढे ते थोडं वाढलेलं दिसलं तर लगेच गोळी फेकू नका, नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे गेलं तर डॉक्टर विचार करतात. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन चालत नाही असं काही नाही, हा गैरसमज तर इतका पसरलाय की विचारू नका. शुगर काठावर असलेल्यांची ती थोडी वर सरकू शकते, हे खरं आहे. पण हार्टचा फायदा त्याहून मोठा म्हणून डॉक्टर गोळी चालू ठेवतात, तुम्ही शुगर तपासत राहा.

पायरी ६: अंग दुखायला लागलं तर

हा खरा प्रश्न, आणि "सगळं मनाचे खेळ आहेत" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात. सहसा दोन्ही बाजूंना, मांड्या, पोटऱ्या, खांदे, जिना चढताना जड वाटणं, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत. एकाच गुडघ्यात कट्‌कट्‌ होतंय किंवा टाच दुखतेय, तर त्यात बिचाऱ्या गोळीचा संबंध क्वचितच.

पण दुसरी बाजूही ऐका. लंडनला एक अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली, त्यांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. रोज त्रासाला मार्क द्यायचे. काहीच न घेता सरासरी ८, खऱ्या गोळीवर १६.३, आणि खोट्या गोळीवर १५.४! म्हणजे दुखत होतं हे खरंच होतं, पण त्याचा बहुतेक भाग गोळी घेतोय या धास्तीचा होता. हे बघून त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली. व्हॉट्सॲपवर "स्टॅटिनचे भयानक परिणाम" वाचून दुसऱ्या दिवशी पाय दुखायला लागलेले माझ्याकडे किती आलेत.

तर करायचं काय? स्वतःहून बंद नाही करायची, डॉक्टरांना सांगायचं. ते सीपीके नावाची, स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी करतात, थायरॉइड बघतात, व्हिटॅमिन डी बघतात, डोस कमी करतात किंवा स्टॅटिन बदलून देतात, आणि बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. एक अपवाद मात्र आहे. अंग प्रचंड दुखतंय, हातपाय उचलवत नाहीत आणि लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. हे फार क्वचित होतं पण झालं तर किडनीवर जातं.

पायरी ७: कशाबरोबर घ्यायची नाही

क्लॅरिथ्रोमायसिन हे ॲंटिबायोटिक आणि इट्राकोनॅझोल ही गजकर्णाची गोळी, ही दोन ॲटोर्व्हास्टॅटिनबरोबर आली की रक्तातलं स्टॅटिन वाढतं. इट्राकोनॅझोल तर हल्ली चिठ्ठीशिवाय मागायला येतात लोक, नायट्याला. मी देत नाही, भांडण होतं. ट्रायग्लिसराइडची जेम्फिब्रोझिल स्टॅटिनबरोबर टाळतात. ॲसिडिटीचं पातळ औषध रोझुव्हास्टॅटिननंतर दोन तासांनी घ्या. ग्रेपफ्रूट आपल्याकडे कोण खातंय, पण पपनस त्याच घराण्यातलं, गणपतीत दोन फोडी खाल्ल्याने काही बिघडत नाही, महिनाभर रोज रस काढून पिऊ नका.

आणि मुलींसाठी: गरोदर असाल, राहायचं ठरवत असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं, अशा वेळी ती सहसा थांबवतात.

एका गोळीने भागलं नाही तर

एझेटिमाइब १० एमजी ही वर म्हटलेली दुसऱ्या जातीची. स्टॅटिन लिव्हरमध्ये काम करते, ही आतड्यात, कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. साधी, त्रास कमी. बेम्पेडोइक ॲसिड १८० एमजी ही नवीन, लिव्हरमध्ये गेल्यावरच जागी होते, स्नायूंत नाही, म्हणून स्टॅटिन अजिबातच सोसत नाही त्यांना देतात, पण युरिक ॲसिड वाढवते, गाउट (युरिक ॲसिडने सांधे सुजतात तो आजार) असेल तर आधी बोला. मग इंजेक्शनं, इव्होलोक्युमॅब दर दोन आठवड्यांनी, इन्क्लिसिरान पहिल्यानंतर तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी एक, एलडीएल निम्म्याने आणखी उतरवतात. महाग आहेत, ज्यांच्या घराण्यातच एलडीएल १९० च्या पुढे असतं, तरुणपणी अटॅक येतात, अशांना खरी गरज. तसं घराणं असेल तर मुलांचीही तपासणी करून घ्या.

फेनोफायब्रेट, आणि आपल्याकडेच शोधलेलं, २०१३ मध्ये परवानगी मिळालेलं सॅरोग्लिटाझार, ही मुख्यतः ट्रायग्लिसराइडची औषधं, एलडीएलची नाहीत. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, तेव्हा ती लागतात. आणि ट्रायग्लिसराइड खाण्यापिण्याने पटकन हलतं, दारू, साखर, मैदा कमी करून बघा, महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसतो.

"नॉर्मल आलं, आता बंद करू?"

अण्णांचं ७५ आलं कारण अण्णा गोळ्या घेतायत. बंद केल्या की काही आठवड्यांत परत १७० च्या आसपास, लिव्हर काही शिकलेलं नसतं. चष्मा लावून नीट दिसायला लागलं म्हणून चष्मा काढून ठेवत नाही ना आपण. वजन बरंच उतरवलंय, खाणं बदललंय, तर डॉक्टर डोस कमी करून बघतील, तेही परत रिपोर्ट काढून. सवय लागते म्हणतात तसं काही नाही, ही नशेची गोळी नाही. लसूण, जवस, मेथ्या खुशाल खा, गोळीच्या ऐवजी नको. आणि तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉल फ्री" वाचून दुप्पट तळू नका, शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल कधीच नव्हतं.

एक शेवटचं, हे माझ्या सोयीचं पण आहे. पान कापून गोळ्या डबीत टाकू नका, आणि घेताना नाव-तारीख छापलेल्या बाजूच्या गोळ्या शेवटी फोडा. नाव फाडून चार गोळ्यांचा चंदेरी तुकडा घेऊन "हीच द्या" म्हणून येतात, तेव्हा मला काय डोंबल कळणार ती कुठली ते.